माझ्याविरुद्धचा दावा, माझ्याविना

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात माझ्याविरुद्ध दावा दाखल झाला, चालला, त्यात पुरावा झाला आणि निकालही लागला. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. कळलं ते निकालानंतर बऱ्याच महिन्यांनी, आणि तेही घरच्या कोणाकडून नाही. आमच्या बांधाला बांध असलेल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. भूमी अभिलेख कार्यालयाकडून त्याला लगतधारक म्हणून मोजणीची नोटीस गेली होती. "ताई, कोर्टाच्या हुकुमाने वाटपाची मोजणी आहे म्हणे, तुम्ही येणार असालच," एवढं विचारायला त्याने फोन केला होता. कसला कोर्टाचा हुकूम, असं मी विचारल्यावर तोच गोंधळला.

प्रकरण तसं घरोघरी असतं तसलंच आहे. वडील गेले, वारसाचा फेरफार होऊन सातबारावर आई, दादा आणि आम्ही दोघी बहिणी लागलो. जमिनीत निम्मा हिस्सा चुलत्यांचा. पुढे आई गेली आणि गावच्या घराला कुलूप लागलं. दादाने चुलत्यांविरुद्ध वाटपाचा दावा लावला आणि आम्हा बहिणींना प्रतिवादी क्रमांक दोन आणि तीन केलं. म्हणणं असं, की बहिणींची लग्नं वडिलांनी थाटात करून दिली, त्यांनी तोंडी हक्क सोडला, सबब निम्मी जमीन एकट्या वादीची. चुलत्यांनी कोर्टात हजर होऊन आपल्या निम्म्यापुरती हरकत नाही अशी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. आम्ही दोघी 'समन्स बजावूनही गैरहजर'.

आता दादाला हक्क एकट्याचाच सांगायचा होता, तर आम्हाला दाव्यात घेतलंच कशाला? कारण घ्यावंच लागतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तो जन्मापासूनचा आहे हे स्पष्ट केलं. शिवाय आमची नावं सातबारावर होती. अशा दाव्यात बहिणींना पक्षकार केलं नाही तर आवश्यक पक्षकार नाहीत म्हणून दावाच अडकतो. म्हणजे कागदावर माझं नाव हवं होतं. मी कोर्टात उभी राहावं अशी मात्र कोणाची इच्छा नव्हती.

ओळखीतून एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्यांदा ई-कोर्ट्सच्या ॲपवर माझ्या नावाने शोध घेतला. काही सापडलं नाही. मग त्यांनी माझं माहेरचं नाव विचारलं. ते टाकून, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी बदलून पाहिल्यावर दावा समोर आला. प्रत्येक प्रकरणाला असतो तसा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदींच्या, तारखा, शेवटी 'निकाली'. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेल्या बाईचं नाव दाव्यात माहेरचं आणि पत्ता कुलूप लागलेल्या घराचा. ज्या बायकांच्या नावावर माहेरची जमीन आहे त्यांना माझं सांगणं आहे, की आपलं जुनं नाव अधूनमधून त्या ॲपवर टाकून बघावं. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

नकलेचा अर्ज केला, कागद तपासायला मागितले. निकाल अगदी छोटा होता. मुद्दा क्रमांक एक, वादीचा हिस्सा शाबीत होतो काय, उत्तर होकारार्थी. कारण म्हणून एक वाक्य होतं, की प्रतिवादी दोन व तीन यांनी वादीच्या शपथेवरील पुराव्यास आव्हान दिलेले नाही, सबब तो पुरावा अबाधित राहतो. मला राग आला तो या वाक्याचा. आव्हान द्यायला मला बोलावलं कुणी होतं? वकीलबाई म्हणाल्या, न्यायाधीशांवर नंतर रागवा, आधी बेलिफाचा अहवाल वाचा.

बेलीफ म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी. त्याचा अहवाल चार ओळींचा होता. सदर ठिकाणी समक्ष जाऊन शोध घेतला असता घर बंद दिसून आले, प्रतिवादी बाहेरगावी असल्याचे समजते, सबब समन्सची प्रत दरवाजावर डकवली. खाली सही, तारीख. वकीलबाईंनी पेन्सिलीने कडेला प्रश्न लिहिले. घर कोणी दाखवलं? बाहेरगावी असल्याचं कोणाकडून समजलं? बाहेरगावी म्हणजे कुठे, हे विचारलं का? प्रत कोणासमक्ष डकवली?

मला हे प्रश्न वकिली खुसपटं वाटले, पण ते थेट कायद्यातून आलेले आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स बजावणीवर एक अख्खा आदेश (संहितेतल्या प्रकरणांना आदेश म्हणतात) आहे, पाचवा. त्यातली उतरंड साधी आहे. होता होईतो समन्स माणसाच्या हातात द्यायचं. तो घरी नसेल आणि वाजवी वेळेत भेटण्यासारखा नसेल तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरातल्या प्रौढ व्यक्तीला द्यायचं. नोकर त्यात धरत नाहीत. (१९७६ च्या दुरुस्तीआधी तिथे 'प्रौढ पुरुष' असंच होतं. घरात बाई असली तरी कायद्याच्या लेखी घरात कोणी नव्हतं.) तेही जमलं नाही, शोध घेऊनही माणूस सापडला नाही, तर दारावर डकवायचं, आणि अहवालात घर ओळखवून देणाऱ्याचं आणि ज्याच्यासमक्ष डकवलं त्याचं नाव-पत्ता लिहायचा. अहवालासोबत बेलिफाचं शपथपत्र नसेल तर कोर्टाने त्याला शपथेवर तपासायचं. मगच बजावणी रीतसर झाली की नाही हे कोर्टाने ठरवायचं. बजावणी झाली हे बेलीफ ठरवत नाही, पोस्टमन ठरवत नाही, न्यायाधीश ठरवतात. माझ्या प्रकरणात या पायऱ्या गाळल्या गेल्या होत्या.

तरी पहिल्या अहवालावर कोर्टाने समाधान मानलं नव्हतं, हे रोजनाम्यात दिसलं. पुन्हा समन्स निघालं, या वेळी पोस्टाने. पाकीट 'दार बंद' अशा शेऱ्याने परत आलं. येणारच, दार बंदच होतं. मग दादाच्या वकिलांनी अर्ज दिला की प्रतिवादी जाणूनबुजून समन्स टाळत आहेत, तरी वर्तमानपत्रात जाहीर समन्स देण्यास परवानगी व्हावी. परवानगी झाली. जाहिरात आली ती तालुक्यात खपणाऱ्या एका दैनिकात, निविदांच्या गर्दीत, माझ्या माहेरच्या नावाने. मी दुसऱ्या जिल्ह्यात राहते, ते दैनिक आमच्याकडे येतही नाही. नियम असा आहे की प्रतिवादी शेवटचा जिथे खरोखर राहत असल्याचं माहीत आहे त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात द्यायची. त्या घरात माझं शेवटचं राहणं म्हणजे लग्नाआधीचं. आईच्या आजारपणात राहिले ते दिवस सोडून.

जाहिरातीची ही सोय मुळात वाईट नाही, हे मला पुढे स्वतःच्याच अनुभवातून पटलं, ते सांगेनच. समन्स चुकवत फिरणारी माणसं असतात आणि त्यांच्यापायी वादीने जन्मभर थांबावं असं होऊ नये म्हणून ती सोय आहे. पण ती शेवटची पायरी आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नीरजा रिअल्टर्सचं प्रकरण गेलं होतं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून. आधीच्या पायऱ्या नीट न चढता जाहिरातीवर उडी मारली म्हणून त्यातला एकतर्फा हुकूमनामा, म्हणजे दुसऱ्या बाजूला न ऐकता झालेला कोर्टाचा निर्णय, टिकला नाही. वकीलबाईंनी तो निकाल अर्जाबरोबर जोडला.

दादाला माझा पत्ता माहीत होता हे सिद्ध करणं तुलनेने सोपं गेलं. दावा चालू असतानाच त्याच्या मुलीचं लग्न झालं. भाचीच्या लग्नाची पत्रिका माझ्या सासरच्या पत्त्यावर कुरिअरने आली होती आणि पाकिटावर अक्षर दादाचं होतं. पत्रिका जपून ठेवायची माझी सवय, म्हणून ते पाकीटही राहिलं. मी लग्नाला गेले होते, आहेर केला होता, जेवणावळीत वाढलं होतं. रोजनाम्याशी तारीख ताडून पाहिली. त्याच महिन्यात वादीचं सरतपासाचं, म्हणजे स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र दाखल झालं होतं, बहिणींनी हक्क सोडल्याचं.

अर्ज करायचा तो आदेश नऊ नियम तेरा खाली, एकतर्फा हुकूमनामा रद्द करून मिळण्यासाठी. मुदत तीस दिवसांची. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे हे तीस दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजायचे. पण समन्स रीतसर बजावलेलं नसेल तर हुकूमनामा कळल्याच्या तारखेपासून. शिवाय त्याच अनुच्छेदात एक खुलासा आहे, की जाहिरातीसारखी पर्यायी बजावणी या मुदतीपुरती रीतसर बजावणी धरायची नाही. माझ्यासारख्यांना तो खुलासाच तारतो. प्रश्न एवढाच उरला, कळलं कधी? फोनवर कळलं, पण फोनला पुरावा काय? शेवटी त्या शेतकऱ्यानेच शपथपत्र दिलं, त्याला आलेली मोजणीची नोटीस जोडून. गावात राहून दादाविरुद्ध कागदावर सही करणं त्याला सोपं नव्हतं. त्याने फक्त विचारलं, "खरं तेच लिहिलंय ना?" आणि सही केली. खबरदारी म्हणून विलंब माफीचा अर्जही सोबत दिला.

नुसत्या अर्जाने मोजणी थांबत नाही. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला की प्रत्यक्ष वाटपासाठी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेख. आणि ही गाडी एकदा चालू झाली की कोर्टात काय चाललंय याची वाट बघत नाही. म्हणून स्थगितीचा वेगळा अर्ज. वकीलबाईंनी त्याच दिवशी स्थगिती मागितली. न्यायाधीश नवे होते, निकाल देणाऱ्यांची बदली झाली होती. त्यांनी अर्ज वाचला, मोजणीला किती दिवस आहेत विचारलं आणि म्हणाले, मोजणीच्या आधीची तारीख देतो, सामनेवाल्यांना नोटीस काढा, त्यांचं ऐकून आदेश करू.

मी बाहेर येऊन संतापले. मला न ऐकता अख्खी जमीन गेली, आणि चार दिवसांची स्थगिती द्यायला त्याचं ऐकायचं? वकीलबाई फाइल बांधता बांधता म्हणाल्या, "तुमचा अर्जच त्या मुद्द्यावर आहे ना? मग त्यांना न ऐकता आदेश मागायचा कोणत्या तोंडाने?" यावर मला काही सुचलं नाही. नंतर कळलं, की एकतर्फा हुकूमनामा रद्द करण्याआधी विरुद्ध बाजूला नोटीस दिलीच पाहिजे असा पुढचाच नियम आहे, चौदावा. तिथे न्यायाधीशांना सूट नाही.

आणि मग नोटीस बजावण्याची पाळी माझ्यावर आली.

तारीख जवळची म्हणून हमदस्त परवानगी घेतली, म्हणजे नोटीस कोर्टातून आपण हातोहात नेऊन बजावायची आणि तसं शपथपत्र द्यायचं. शिवाय बेलिफामार्फतही काढली. कोर्टाच्या नाझर विभागात बेलिफाचा भत्ता भरला. बेलीफ दादाच्या घरी गेला तर दादा शेतावर. शेतावर गेला तर बाजाराला. मी वकीलबाईंच्या सहायकाबरोबर हमदस्त घेऊन गेले तेव्हा वहिनीने दार उघडलं, मला बघून आत या म्हणाली, पाणी दिलं, आणि कागद बघितल्यावर "ते आल्यावर त्यांनाच द्या" म्हणाली. जबरदस्ती करता येत नाही. नोटीस घ्यायला नकार दिला असं लिहून, दारावर डकवून, शेजारच्या दोघांची नावं आणि सह्या घेऊन आम्ही परत आलो. स्वतःच्या भावाच्या दारावर कागद चिकटवताना मला बेलिफाच्या कामाची कल्पना आली. उन्हात फिरायचं, लोक तोंड चुकवणार, कोणी सही द्यायला तयार नाही, आणि हातात असे वीस-पंचवीस कागद. चार ओळींचा अहवाल का लिहिला जातो हे कळलं. पण आम्हालाही उन्हातच उभं राहून नावं लिहून घ्यावी लागली होती आणि ती आम्ही घेतली होती. माझा राग काही कमी झाला नाही.

तारखेला दादाच्या वतीने वकील हजर झाले, वकीलपत्र दिलं, वेळ मागितला. न्यायाधीशांनी वेळ दिला आणि तोवर मोजणी 'जैसे थे' ठेवली. दोन्ही बाजू समोर असताना दिलेला तो आदेश पुढे कोणी हलवू शकलं नाही.

धाकटी बहीण परराज्यात असते. ती सहप्रतिवादी, म्हणून माझ्या अर्जात तिलाही सामनेवाली करावं लागलं. तिला नोटीस मिळाली तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. मला वाटलं झालं, मिळाली ना. वकीलबाईंनी मात्र ते आपणहून कोर्टाच्या नजरेला आणलं आणि तिच्यासाठी पुढची तारीख मागितली. त्यांचं म्हणणं, उद्या हाच धागा पकडून सगळं प्रकरण पुन्हा उसवायला नको. समन्स मिळालं पण हजर होऊन उत्तर द्यायला पुरेसा वेळ राहिला नाही, तर कोर्टाने सुनावणी पुढे ढकलायची आणि तशी नोटीस द्यायची, हे संहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. तारीख नेमतानाच प्रतिवादी कुठे राहतो आणि समन्स पोचायला किती वेळ लागेल हे बघून नेमायची, असंही. मला हे माहीत नव्हतं. कागद हातात पडला की संपलं, असं आपण धरून चालतो.

अर्जाची चौकशी म्हणजे छोटा दावाच. मला साक्षीच्या पिंजऱ्यात जावं लागलं. दादाच्या वकिलांचा उलटतपास सभ्य होता आणि म्हणूनच जास्त बोचला. भाचीच्या लग्नाला तुम्ही गावात दोन दिवस होतात? होते. नातेवाइकांशी बोलणं झालं? झालं. जमिनीवरून वाद आहे हे तुम्हाला माहीत होतं? होतं. घरच्या व्हॉट्सॲप गटावर तुमच्या भावाने "आता काय ते कोर्टातच" असं लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलंत? वाचलं. मग तुम्हाला दावा माहीत होता, असं माझं म्हणणं आहे. खोटं आहे, मी म्हणाले. पण खाली उतरताना पाय लटपटत होते. मला वाटलं गेलं सगळं.

त्यांचा रोख नियम तेराच्या एका परंतुकावर, म्हणजे नियमाला जोडलेल्या अटीवर, होता. बजावणीत नुसती अनियमितता झाली म्हणून हुकूमनामा रद्द करायचा नाही, जर प्रतिवादीला सुनावणीची तारीख माहीत होती आणि हजर होऊन उत्तर द्यायला पुरेसा वेळ होता. हे परंतुक १९७६ मध्ये आलं, आणि माझ्या मते रास्त आहे. बेलिफाने एक रकाना कोरा सोडला म्हणून सगळं माहीत असून घरी बसलेल्याला पुन्हा संधी का द्यावी? पण परंतुकात शब्द 'सुनावणीची तारीख' असे आहेत. भांडण आहे हे माहीत असणं वेगळं, दावा लागला हे कानावर येणं वेगळं, आणि अमुक कोर्टात अमुक दिवशी तुम्ही हजर राहायचं आहे हे कळणं वेगळं. वकीलबाईंनी युक्तिवादात एवढं एकच ठासून मांडलं. त्या व्हॉट्सॲप संदेशात ना कोर्टाचं नाव होतं, ना दाव्याचा नंबर, ना तारीख.

बेलिफालाही तपासलं. तो निवृत्तीला आलेला माणूस. घर कोणी दाखवलं, आठवत नाही. कोणासमक्ष डकवलं, आठवत नाही. इतक्या वर्षांनी आठवावं अशी अपेक्षाही नाही. म्हणूनच ते त्या दिवशी लिहायचं असतं.

दादाच्या वकिलांचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात खटकला. ते म्हणाले, समजा यांना ऐकलं, तरी सांगण्यासारखं यांच्याकडे आहे काय? लग्नात खर्च झालाच आहे, निकाल तोच लागणार. मग कोर्टाचा वेळ का घालवायचा? यावर वकीलबाईंनी १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणाचा दाखला दिला. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांची ती केस. अतिक्रमण उघड आहे, त्यांच्याकडे उत्तर असूच शकत नाही, मग सुनावणी कशाला, असा महापालिकेच्या बाजूने पवित्रा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मान्य केला नाही. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला निर्णयाआधी बोलू देणं हे स्वतःच मोलाचं आहे, पुढे निकाल काहीही लागो. गंमत म्हणजे त्या प्रकरणात झोपड्या काढायला अखेर परवानगी मिळालीच, फक्त पावसाळा उलटेपर्यंत थांबायला सांगितलं गेलं. ऐकून घेतलं म्हणजे जिंकलो असं नसतं, हे मला तेव्हा नीट उमगलं. वकीलबाईंनी दुसरा साधा मुद्दाही मांडला: स्थावर मिळकतीतला शंभर रुपयांच्या वरचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. तो कुठे आहे, हा प्रश्न एकतर्फा सुनावणीत कोणी विचारलाच नव्हता. म्हणजे सांगण्यासारखं होतं.

अर्ज मंजूर झाला. दादाला खर्चाची रक्कम द्यायच्या अटीवर. मी कुरकुरले, खर्च मी का द्यायचा? वकीलबाई म्हणाल्या, भरा आणि पावती जपा, यावर वाद घालून वर्ष घालवू नका. मला ते आजही पटलेलं नाही, पण रक्कम त्याच आठवड्यात भरली. अट पाळली नाही तर अर्ज मंजूर होऊनही हातचा जातो.

वाटपाचा हुकूमनामा एका प्रतिवादीपुरता रद्द करून भागत नाही. हिस्से एकमेकांत अडकलेले असतात, तेव्हा कायद्याप्रमाणे तो सगळ्यांविरुद्ध रद्द करता येतो, आणि तसाच झाला. त्यामुळे चुलत्यांचं ठरलेलं निम्मंही पुन्हा लोंबकळलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची बाजूही मला कळते. त्यांचं कोणी काही चुकीचं म्हणत नव्हतं आणि त्यांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागतेय. गावात यामुळे मीच वाईट झाले. 'बहिणीने झालेला निकाल मोडला' असं बोललं जातं. निकालात बहीण नव्हतीच, हे सांगत कुणाकुणाच्या दारी जाणार?

दावा मूळ नंबरावर आला. मी आणि धाकटीने मिळून कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, लांबवून नव्वद. आम्ही तीसच्या आत दिली. कैफियतीबरोबर दोघींचे सध्याचे पत्ते, सासरची नावं आणि मोबाइल नंबर दिले. आता तारीख पडली की संदेश येतो. आधीच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते, तरी आम्ही दोघी सकाळी अकराला कोर्टात होतो. पट्टेवाल्याने पुकारा केला, नावं घेतली, पहिल्यांदा माहेरची आणि मग कंसातली सासरची. पुढची तारीख दादाच्या उलटतपासाची आहे.